मुलांच्या उंचीवर बोलणं आधी थांबवू या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उंची वाढवून आत्मविश्वास मिळवून देण्याची हमी देणारी एक जाहिरात आपल्या दैनिकात पुन्हा छापून आली. यापुढे ती घेऊ नये, अशी विनंती पत्राच्या सुरुवातीलाच करते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांब होतं ते तिथूनच. पौगंडावस्था सरताना या थराचंही हाड बनतं आणि त्यानंतर कुठलंही चूर्ण, कॅप्सूल किंवा लोंबकळण्याचा व्यायाम माणसाला उंच करू शकत नाही. एवढं साधं शास्त्र बाजूला ठेवून पैसे उकळले जातात, याचा संताप आहेच. पण मला जास्त बोचलं ते जाहिरातीतलं गृहीतक: कमी उंचीच्या माणसाकडे आत्मविश्वास असणं शक्यच नाही.

मी शाळेत शिकवते. बारा ते पंधरा या वयातली मुलं रोज समोर असतात. एखाद्याच्या वजनावरून किंवा रंगावरून वर्गात कुणी काही बोललं, तर निदान एखादा शिक्षक तरी टोकतो. उंचीवरून बोललेलं मात्र सगळ्यांना गंमत वाटतं. टिल्लू, गिड्डा, लंबू, ताडमाड ही नावं मुलं एकमेकांना ठेवतात आणि मोठी माणसंही तीच सर्रास वापरतात. पाहुणे घरात पाऊल टाकतात आणि मुलाकडे बघून पहिलं वाक्य उच्चारतात, 'अजून वाढला नाही वाटतं हा?' मुलगा मान खाली घालतो. सांत्वन म्हणून कुणी 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाला ऐकू येतं ते एवढंच की आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते कीर्ती मिळवून भरून काढायचं आहे. उंच मुलांना असं काही भरून काढावं लागत नाही.

हे सगळं लहान वयातलं आहे, मोठेपणी विसरलं जातं, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती देते. टिमोथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी २००४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांची आकडेवारी तपासली. लिंग, वय आणि वजन यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही प्रत्येक जादा इंचामागे वर्षाला सुमारे ७८९ डॉलर अधिक पगार, असं चित्र दिसलं. त्याच वर्षी निकोला पर्सिको, अँड्र्यू पोस्टलवेट आणि डॅन सिल्व्हरमन यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: पगारात दिसणारा हा फरक नेमका कोणत्या वयातल्या उंचीचा? त्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या गोऱ्या पुरुषांची माहिती अभ्यासली. किशोरवयातली उंची हिशेबात धरली, की मोठेपणीच्या उंचीचा पगारावरचा परिणाम जवळजवळ उरत नव्हता. सोळाव्या वर्षी बुटका असलेला मुलगा पुढे कितीही उंच झाला, तरी उंचीचा म्हणून मिळणारा फायदा त्याच्या पदरात पडत नव्हता. त्या वयात खेळांत, मंडळांत, गटांत सहभाग कमी राहिला, हे त्यामागचं एक कारण त्यांना दिसलं.

या निष्कर्षाला आव्हानही मिळालं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अ‍ॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी २००८ मध्ये वेगळं स्पष्टीकरण मांडलं: पहिल्या काही वर्षांत पोषण आणि आरोग्य चांगलं असेल, तर मूल उंचही होतं आणि त्याची बौद्धिक वाढही नीट होते, पगारातला बराचसा फरक त्यातून येतो. मला यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायचं नाही. दोन्ही अभ्यास बोट दाखवतात ते बालपणाकडेच. शिवाय केस-पॅक्सन यांचं म्हणणं सरासरीबद्दल आहे. समोर मुलाखतीला बसलेल्या एका माणसाची बुद्धी त्याच्या उंचीवरून कुणालाही कळत नाही, आणि निर्णय तर एकेका माणसाबद्दलच घ्यायचा असतो.

उंची मुख्यतः आनुवंशिक असते. सुमारे ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या २०२२ मधल्या अभ्यासात उंचीशी निगडित १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. दुसरीकडे, दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात जवळजवळ २० सेंटिमीटरनं वाढली, आणि अशा वाढीमागे आहार व आरोग्यच असतं. म्हणजे उंचीतला एक वाटा जन्मतःच मिळतो आणि दुसरा बालपणीच्या पोषणाचा. यांतलं काहीही मूल स्वतः निवडत नाही. मग त्याबद्दल त्यालाच टोमणे का?

आता उंच मुलींबद्दल, कारण उंची हा फक्त बुटक्यांचा प्रश्न आहे असा समज असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या काही देशांत 'फार उंच होईल' अशी भीती असलेल्या निरोगी मुलींना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे (हार्मोनचे) मोठे डोस देत असत. ग्रोथ प्लेट लवकर बंद व्हाव्यात आणि मुलगी थोडी कमी उंचीवर थांबावी, हा उद्देश. त्या मुलींना आजार कोणताच नव्हता. एवढ्या उंच मुलीला नवरा कसा मिळणार, ही आईवडिलांची चिंता होती आणि डॉक्टरांनी तिच्यावर औषध लिहून दिलं. ऑस्ट्रेलियातल्या अशा स्त्रियांचा पुढे पाठपुरावा झाला. उपचार घेतलेल्यांना गर्भधारणेत अधिक अडचणी आल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. नवऱ्यापेक्षा बायको उंच नसावी या एका समजुतीची किंमत त्या मुलींच्या शरीरानं मोजली. मला हे वाचल्यापासून स्वस्थता नाही. आज डेटिंग अ‍ॅपवर उंचीची चाळणी लावून माणसं पुढे सरकवली जातात, त्यामागे समजूत तीच आहे.

मुलग्यांच्या बाबतीत वारं उलट्या दिशेनं वाहतं. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेल्या मुलांना ते संप्रेरक देणं योग्यच. पण २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कोणतंही कारण न सापडलेल्या कमी उंचीसाठीही त्याला मान्यता दिली. वर्षानुवर्षं इंजेक्शनं, आणि हाती येते बहुधा काही सेंटिमीटरची वाढ. काही मुलांना त्याचा लाभ होतही असेल आणि हा निर्णय त्या कुटुंबानं डॉक्टरांशी बोलून घ्यावा. तरीही, निरोगी मुलाला सुईपर्यंत नेणारी भीती त्याच्या मनात कुणी घातली, हे विचारायलाच हवं. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेचंही तेच. सैबेरियातल्या कुर्गान इथे गाव्रिल इलिझारोव यांनी विकसित केलेली ही पद्धत मोडलेल्या, वाकड्या, आखूड राहिलेल्या हाडांसाठी होती. हाड कापून त्याची टोकं दिवसाला साधारण एक मिलिमीटर दूर सरकवायची आणि मधल्या फटीत नवं हाड तयार होऊ द्यायचं. आज धडधाकट माणसं केवळ लोकांच्या नजरेसाठी हे करून घेतात. चीननं २००६ मध्ये सौंदर्यासाठी अशी शस्त्रक्रिया करण्यावर बंदी घातली.

शाळेत उंच मुलांवर एक वेगळाच अन्याय होतो. दहा वर्षांचं मूल तेरा वर्षांचं दिसतं आणि सगळे त्याच्याकडून तेराव्या वर्षाच्या समजुतीची अपेक्षा करतात. ते रडलं तर 'एवढा मोठा होऊन रडतोस?' बाक कायम शेवटचा. मोठेपणी आसनात गुडघे मावत नाहीत, पलंगाबाहेर पाय जातात. याला कुणी भेदभाव म्हणत नाही, पण वस्तू कुणाच्या मापाच्या करायच्या हे कुणीतरी ठरवलेलंच असतं. मोटारींच्या अपघात-चाचण्यांत वर्षानुवर्षं मुख्यत्वे वापरलेला पुतळा १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७८ किलोंचा पुरुष आहे. पाय पेडलपर्यंत पोचावेत म्हणून आसन पुढे ओढून, स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या बाईचा त्या मापात विचार नव्हता. खुजेपणाची वैद्यकीय स्थिती असलेल्यांना तर खिडकी, बटण, पायरी, सगळीकडेच कुणाची तरी मदत मागावी लागते.

कायद्यानं काही ठिकाणी पावलं टाकली आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १९७६ च्या नागरी हक्क कायद्यात उंचीवरून भेदभाव करायला मनाई आहे; न्यूयॉर्क शहरानं तसा नियम २०२३ मध्ये केला. न्यायालयांचे दोन निर्णय मला विशेष महत्त्वाचे वाटतात. अलाबामात तुरुंगरक्षकासाठी किमान ५ फूट २ इंच उंची आणि १२० पौंड वजनाची अट होती. तिनं ४० टक्क्यांहून अधिक स्त्रिया बाद होत, पुरुष मात्र एक टक्काही नाहीत. ताकद हवी असेल तर ताकदीचीच चाचणी घ्या, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं आणि ती अट टिकली नाही. दुसरा निर्णय २०१७ चा, युरोपीय संघाच्या न्यायालयाचा. ग्रीसच्या पोलीस विद्यालयात स्त्री-पुरुष दोघांसाठी १७० सेंटिमीटरची अट होती आणि १६८ सेंटिमीटर उंचीच्या एका उमेदवाराचा अर्ज परत आला होता. पोलिसांच्या सगळ्याच कामांना अंगबळ लागत नाही आणि लागलं तरी ते उंचीशी बांधलेलं नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्याच देशाच्या सैन्यात आणि तटरक्षक दलात स्त्रियांसाठी कमी उंची चालत होती, याकडेही न्यायालयानं लक्ष वेधलं.

भरती करणारे, शाळा चालवणारे, दुकानं आणि कार्यालयं सांभाळणारे अनेक वाचक हे पत्र वाचतील. शाळांनी खेळांचे संघ निवडताना, नाटकातल्या भूमिका वाटताना आणि वर्गप्रतिनिधी नेमताना ठेंगण्या मुलांना आपोआप वगळलं जात नाही ना, हे दर वर्षी तपासावं. भरती करणाऱ्यांनी उंचीची अट घालायचीच असेल, तर तिचं कारण त्याच ओळीत लिहावं: कोणत्या कामासाठी, कुठवर हात पोचायला हवा आहे. स्टूल देऊन ते काम होत असेल, तर स्टूल द्यावं आणि अट काढून टाकावी.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका