नळातला करंट शोधून देणाऱ्यांचे आभार

नळाला हात लावला की झिणझिण्या का येतात, हे शोधायला शिकवणाऱ्या सगळ्या अनाम जाणकारांचे मनापासून आभार. टेस्टर पेटला म्हणजे झालं, असं मानू नका हे बजावणाऱ्याचे सर्वांत आधी. समजा, मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) नळ आणि मोरीच्या लोखंडी जाळीमध्ये 40 व्होल्ट दाखवतो. त्याच दोन टोकांमध्ये 10 किलोओहम, 10 वॉटचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) जोडल्यावर आकडा शून्याजवळ कोसळला, तर तो नुसता भास. टिकला, तर दोष खरा.

मग एकेक एमसीबी (बोर्डावरचा सर्किट बंद करणारा स्विच) पाडायचा आणि कोणता पाडल्यावर आकडा जातो ते बघायचं. मेन पाडूनही आकडा तसाच राहिला, तर बिघाड बहुधा बाहेरचा. वीज कंपनीला कळवा.

गिझरची वायर सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) ते बॉडी रोध मोजा, 1 मेगाओहमखाली आलं तर एलिमेंट बदला. गार असताना ठणठणीत वाटणारं एलिमेंट तापल्यावर करंट गळू देतं, म्हणून गरम असतानाच मोजा, या टिपेला तर दंडवतच!

आणि ‘पाइपाच्या दुरुस्तीत मध्येच प्लास्टिकचा तुकडा बसवलाय का?’ असं विचारणाऱ्याचेही आभार. त्या तुकड्याने धातूच्या पाइपाची सलगता तुटते. दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून तांब्याची वायर जोडावी लागते, तीही पाइप कापण्याआधी.