दहा वर्षांची वॉरंटी नेमकी कशाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरचं पहिलं पान आख्खं फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या जाहिरातीचं होतं. त्यात '१० वर्षं वॉरंटी' हे तळहाताएवढ्या अक्षरात, आणि ती कशावर आहे ते खाली भिंग लावून वाचायचं, तेही इंग्रजीत. जाहिरात मराठी, अटी इंग्रजी. मिरज-सांगलीत ही जाहिरात वाचून दुकानात जाणारा माणूस काय समजतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि कंपनीलाही. तो समजतो की फ्रीज दहा वर्षं बघायला नको.

प्रत्यक्षात ही दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरची असतात, वॉशिंग मशीन असेल तर मोटरची. बाकी सगळ्याला बहुतेक वेळा एकच वर्ष. त्यातही कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच तर तो फुकट, पण गॅस भरायचे पैसे वेगळे, लेबर वेगळं, व्हिजिट चार्ज वेगळा, बऱ्याच कार्डांवर हे छापलेलंच असतं. आणि इन्व्हर्टर मॉडेलमधे आधी जातो तो पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ज्याला आपण सगळे 'बोर्ड' म्हणतो ते. लाइट कमी-जास्त झाली की बोर्ड, पावसाळ्यात दमट झालं की बोर्ड, मागून पाल शिरली की बोर्ड. पाल शिरून बोर्ड शॉर्ट झाला तर ते 'बाहेरच्या कारणाने झालेलं नुकसान', म्हणजे पहिल्या वर्षातसुद्धा वॉरंटी नाही. आता पाली नसलेलं घर कोकणात, देशावर, कुठेही कुणी दाखवावं! फ्रीजच्या मागे जाळी लावायला कंपनीला किती खर्च येईल हो?

आमच्याकडचा फ्रीज चौथ्या वर्षात बंद पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते, शेजारपाजारी विचारून बघितलंय. टेक्निशियन आला, पाच मिनिटात म्हणाला बोर्ड गेला, आठ हजारांच्या पुढे जाईल, शिवाय या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, मागवून बघतो पण गॅरंटी नाही, त्यापेक्षा एक्सचेंजमधे नवीन घ्या. मी म्हटलं लिहून द्या की बोर्ड येत नाही. तर म्हणे तसं लिहून देता येत नाही. तोंडी सगळं, कागदावर काही नाही. त्या पोराला मी दोष देत नाही, कोल्हापूरहून गाडीवर येतो, कॉलमागे पैसे मिळतात आणि नवीन माल खपवायचं प्रेशर वरून असतं असं त्यानेच सांगितलं. पण लिहून देता येत नाही हे जे वाक्य आहे ना, सगळी गोम त्यात आहे, आणि या पत्राचं कारणही तेच आहे.

आपल्याकडे वॉरंटी संपली की लोक गप्प बसतात. दुकानदार म्हणतो वॉरंटी संपली, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटी संपली, आणि आपणही मान हलवतो. पण वॉरंटी संपली म्हणजे ग्राहकाचे सगळे हक्क संपले असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं आश्वासन आहे. त्याच्या शेजारी कायदा उभाच असतो, १९३० चा सेल ऑफ गुड्स अॅक्ट आहे, विकलेला माल विकण्याच्या लायकीचा असावा ही अट त्यात गृहीत धरलेली आहे, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. मुळातच दोष असलेली वस्तू विकली आणि दोष नंतर उघड झाला तर तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. फक्त दोष मुळातला होता की वापरामुळे आला हे सिद्ध करणं सोपं नाही हेही सांगायला हवं, उगाच कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाही. ग्राहक आयोग, म्हणजे अशा तक्रारींचा निकाल देणारं ग्राहकांचं कोर्ट, वस्तू लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. म्हणून बिघाड वॉरंटीत असतानाच सुरू झाला असेल तर त्याचा लेखी पुरावा, तक्रार नंबरचा एसएमएस, ईमेल, जॉबशीट (टेक्निशियन कामाची नोंद करून देतो तो कागद), हे सोन्यासारखं जपावं. कितीतरी जणांच्या बाबतीत अकराव्या महिन्यात तक्रार केलेली असते, माणूस येतो, बघतो, 'परत झालं तर सांगा' म्हणतो आणि तेराव्या महिन्यात 'आता चार्जेबल' होतं. अशा वेळी जुना तक्रार नंबर हातात असला की बोलणंच बदलतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वॉरंटीनंतर आपण पैसे देऊन जी दुरुस्ती करून घेतो ती कायद्याच्या भाषेत 'सेवा' आहे. म्हणजे आठ हजार देऊन टाकलेला बोर्ड महिन्याभरात परत गेला तर तो सेवेतल्या त्रुटीचा मुद्दा होतो, मूळ वॉरंटीशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच कंपन्या बदललेल्या पार्टला ९० दिवस वगैरे देतात पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा काम सुरू करायच्या आधी एस्टिमेट लेखी घ्या, काढलेला जुना पार्ट मागून घ्या (पैसे आपण दिलेत, पार्ट आपला), आणि बिल पक्कं घ्या. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल ताई' ही ऑफर गोड लागते पण पुढे भांडायला हातात काहीच उरत नाही.

एक जाता जाता. आमच्या गल्लीत एक काकू डबे करतात, घरातच, एकट्या. त्यांच्या मिक्सर-फ्रीजच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर ठरलेलं, 'कमर्शियल यूज'. कंपनीच्या वॉरंटी कार्डात तशी अट असू शकते, पण ग्राहक कायद्यात मात्र पोट भरण्यासाठी स्वतः काम करून वापरलेली वस्तू व्यापारी कारणाची धरलेली नाही. म्हणजे अशी बाई ग्राहकच आहे, आयोगात जाऊ शकते. पापड लाटणाऱ्या, शिवण करणाऱ्या, डबे देणाऱ्या हजारो बायकांना हे कुणी सांगतच नाही.

आयोगात जायला वकील लागत नाही, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. ऑनलाइन पण होते, त्यासाठी आधी ई-दाखिल पोर्टल होतं, २०२५ पासून ई-जागृती आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यात निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात किती लागतात ते ज्यांनी तारखा बघितल्यात त्यांना विचारा. आठ हजारांच्या बोर्डासाठी कामधंदा सोडून तारखा कोण करणार? कंपन्यांचा सगळा हिशोब याच प्रश्नावर उभा आहे. म्हणून मी तरी आधी १९१५ ला फोन करायला सांगेन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतून बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, कंपनीकडे तक्रार ढकलतात एवढंच, पण तिथून गेलेल्या तक्रारीला निदान लेखी उत्तर येतं. लेखी! माझ्या बाबतीत जो बोर्ड 'येतच नाही' म्हणून सांगितलं होतं तो हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर मिळाला. काय समजायचं ते समजा.

आणि कृपा करून कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका. वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या. खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत, 'दहा रुपये भरून कॉल रजिस्टर करा' म्हणतात, मोबाइलवर अॅप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. तसं झालंच तर लगेच १९३० वर सायबरची तक्रार.

आता मुख्य मागणी. पार्ट किती वर्षं मिळाला पाहिजे हे आपल्याकडे फ्रीज-वॉशिंग मशीनसाठी कायद्याने ठरवलेलंच नाही. युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे, त्या मॉडेलचा शेवटचा पीस बाजारात आल्यानंतर फ्रीजचे ठराविक पार्ट किमान सात वर्षं आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षं मिळालेच पाहिजेत. तिकडे विकणाऱ्या कितीतरी कंपन्या त्याच की ज्या आपल्याकडे विकतात! तिकडे सात वर्षं बोर्ड ठेवता येतो आणि इकडे चौथ्या वर्षी 'बंद झाला', हे कसं काय? आपल्या केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कल्पना छान आहे, पार्टच्या किमती, मॅन्युअल, सर्व्हिस सेंटर सगळं एका जागी. पण कंपनीने तिथे माहिती टाकायची ती आपल्या मर्जीने, टाकली तर टाकली. रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी २०२४ मधे समितीही नेमली, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे त्याचे मार्क. वीज किती खाते त्याचे स्टार आपण फ्रीजवर बघतोच, तसा पार्ट किती वर्षं मिळणार आणि बोर्डाची आजची किंमत काय हे खोक्यावर छापणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? बावीस हजारांच्या फ्रीजचा बोर्ड आठ हजारांना आहे हे दुकानातच कळलं तर माणूस दुसरा फ्रीज बघेल की.

जाहिरातींचे नियम तर आधीच आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खालची अटींची सूचना दाव्याच्याच भाषेत, त्याच फॉन्टमधे आणि सहज वाचता येईल अशी हवी. यात तुम्हा पेपरवाल्यांचाही वाटा आहे, राग मानू नका. जाहिरात घेताना 'अटी मराठीत द्या' एवढं सांगणं तुमच्या हातात आहे.

महाराष्ट्र म्हणजे ग्राहक चळवळीची राजधानी. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, देशाचा ग्राहक कायदा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी १९८६ ला आला. आणि आता दरवर्षी २४ डिसेंबरला तहसील कचेरीत ग्राहक दिन होतो, हार-तुरे, दोन भाषणं, चहा. यंदा भाषणं कमी करा आणि एक टेबल मांडा. त्यावर नेट असलेला एक कॉम्प्युटर, ई-जागृतीवर तक्रार भरून देणारा एक माणूस, आणि बाहेर पाटी की बिलं आणि जॉबशीट घेऊन या. मी माझी फाइल घेऊन येणार आहे, डबेवाल्या काकूंनाही घेऊन येईन. सकाळी किती वाजता यायचं तेवढं पुरवठा विभागाने तुमच्या पेपरमधून कळवावं.

कळावे,
तुमची एक वाचक,
मिरज