देवाला साकडं, आणि नाला तसाच

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस जरा लांबला की आपले पुढारी कॅमेऱ्यासमोर हात जोडून वरुणराजाला साकडं घालायला लागतात, दरवर्षीचंच झालंय हे. मी नास्तिक आहे, पण माझी आई रोज दिवा लावते आणि वाती संपल्या की मीच दादरहून आणून देतो, त्यामुळे कुणाच्या श्रद्धेवर राग नाही, राग आहे तो खुर्चीत बसून प्रार्थना करणाऱ्यांवर. भातसा, तानसा, मोडकसागर धरून सात तलावांवर मुंबई जगते, तिथे पाणी किती उरलंय, गळती किती, कपात कधी ते सांगा ना!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मिठी नदी तुंबली ती भराव आणि कचऱ्याने, कुणाच्या कोपाने नाही. २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, जिना अरुंद आहे हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि नंतर काय, तर मृतात्म्यांना शांती लाभो.

बरं, शपथ घेताना ईश्वर नको असेल तर 'गांभीर्यपूर्वक' म्हणायची सोय घटनेतच आहे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ साली कलम ५१ अ मध्ये आलंय. मंत्र्यांना त्यातून सूट आहे का?

घरी करा की पूजा, कोण अडवतंय. आमच्या गल्लीमागचा नाला कधी साफ होणार तेवढं फक्त कळवा.

– एक वाचक, परळ