‘बरोबर की चूक’ एवढ्यावर इंग्रजीची शंका मिटत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात वाचकांच्या इंग्रजी व्याकरणविषयक शंकांना जी उत्तरे दिली जातात, ती मी नियमितपणे वाचतो. सिंधुदुर्गातील मराठी माध्यमाच्या शाळांत बरीच वर्षे इंग्रजी शिकवल्यामुळे त्यांतल्या बहुतेक शंका माझ्या ओळखीच्या आहेत. उत्तरे सहसा बिनचूक असतात. माझी तक्रार आहे ती त्यांच्या तोकडेपणाविषयी. ‘हे चूक, ते बरोबर’ एवढेच सांगितले की विचारणाऱ्याचे ते एक वाक्य सुधारते, आणि त्याच जातीच्या पुढच्या वाक्यात तो पुन्हा अडखळतो. शिवाय खरी चूक, भारतात रुळलेला वापर आणि कोणे एके काळी कोणीतरी घालून दिलेला दंडक, या तिन्ही वेगळ्या गोष्टींना एकाच मापाने मोजले जाते, हे मला अधिक खटकते.

मराठी भाषकाच्या इंग्रजीतील पुष्कळशा खऱ्या चुका मराठीच्या सवयीतून येतात, त्यामुळे त्यांचे उत्तरही मराठीशी तुलना करूनच द्यायला हवे. ‘मी दहा वर्षांपासून मालवणात राहतो’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, आणि नेमके म्हणूनच ‘आय ॲम लिव्हिंग इन मालवण सिन्स टेन इयर्स’ हे सदोष वाक्य सहज तोंडात येते. मराठीतले ‘पासून’ हे काळाच्या आरंभालाही लागते (‘सोमवारपासून’) आणि काळाच्या लांबीलाही (‘दहा वर्षांपासून’). इंग्रजीने मात्र आरंभासाठी ‘सिन्स’ आणि लांबीसाठी ‘फॉर’ अशी वाटणी केली आहे. त्यातच, पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, तर इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे रूप लागते. म्हणजे या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्हींची मुळे वेगवेगळी आहेत. केवळ ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहून दिले, तर दुसरी चूक तशीच राहते.

‘डिस्कस अबाउट’चेही असेच आहे. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयासंबंधी चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ हवेसे वाटते; इंग्रजीत ‘डिस्कस’ हे क्रियापद आपले कर्म थेट घेते. गोंधळ वाढतो तो ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर असल्यामुळे, कारण ‘डिस्कशन’ हे नाम आहे. ‘डिडन्ट वेन्ट’ची गोष्ट एका वाक्यात संपते: भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो, त्यामुळे पुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते.

‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्यासाठी मात्र जास्त जागा दिली पाहिजे, कारण मराठीत अशी उपपदेच नाहीत. शाळेत मुले ‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ॲन’ असे पाठ करतात आणि मग ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहितात. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि इथे आपली लिपी फार कामाला येते. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने झाला तर ‘ए’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिले अक्षर ‘एच’ असले तरी देवनागरीत ते स्वरानेच सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युरोपियन’ यांत ‘य’ येतो, ‘वन-वे’मध्ये ‘व’ येतो, म्हणून ‘ए’. त्याच न्यायाने ‘ए स्टेट ट्रान्सपोर्ट बस’, पण ‘ॲन एसटी बस’. आणि ‘ए रिसॉर्ट’, पण ‘ॲन एमटीडीसी रिसॉर्ट’. इंग्रज मुलाला नुसत्या स्पेलिंगवरून जे दिसत नाही, ते आपल्या पाचवीतल्या मुलाला देवनागरीत लख्ख दिसते, आणि तरीही ही युक्ती वर्गात क्वचितच सांगितली जाते.

‘द’ अवघड आहे, पण निदान भूगोलातली उदाहरणे घराजवळच सापडतात. नद्या आणि समुद्र यांना ‘द’ लागतो: ‘द वाशिष्ठी’, ‘द सावित्री’, ‘द अरेबियन सी’. चिपळूण, गुहागर, देवगड अशा गावांच्या नावांना लागत नाही. डोंगररांगेला लागतो, म्हणून ‘द सह्याद्रीज’. एकट्या शिखराला सहसा लागत नाही. आणि आपण ‘कोकण’ म्हणतो तरी इंग्रजीत ‘द कोंकण’ असे लिहिण्याची जुनी रीत आहे, हे पाहून गोंधळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता दुसरा प्रकार. ‘प्रीपोन’ हा शब्द चूक असल्याचे आपल्याकडे ठासून सांगितले गेले होते. हा शब्द भारतीय इंग्रजीतला म्हणून ऑक्सफर्डच्या कोशात नोंदवलेला आहे आणि ‘पोस्टपोन’ला तो चांगला जोडीदार आहे, माझ्या मते तो खुशाल वापरावा. ‘डू द नीडफुल’ हा तर इंग्रजांच्याच जुन्या पत्रव्यवहारातला वाक्प्रयोग, जो तिकडे मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांत टिकला. परंतु ‘रिव्हर्ट’बद्दल मी सावध राहायला सांगेन. आपण तो ‘उत्तर द्या’ अशा अर्थी वापरतो, तर भारताबाहेर त्याचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे. तारकर्लीचा होमस्टेवाला परदेशी पर्यटकाला किंवा देवगडचा आंबा बागायतदार लंडनच्या व्यापाऱ्याला ईमेल लिहीत असेल, तर ‘रिप्लाय’ हा साधा शब्दच बरा. ‘मायसेल्फ’ने स्वतःची ओळख करून देणे मी मुलांना सोडायलाच लावतो, कारण मुलाखतीत पहिल्याच वाक्याला समोरच्याच्या कपाळावर आठी पडते.

तिसऱ्या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध दंडक म्हणजे इंग्रजी वाक्याचा शेवट ‘विथ’, ‘ऑन’, ‘फॉर’ अशा शब्दांनी करू नये हा. इंग्रज कवी ड्रायडन यांनी १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातला हा दोष म्हणून दाखवला, आणि पुढे लॅटिनच्या प्रभावाखाली वाढलेल्या पंडितांनी त्याचा नियम केला. १७६२ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट लाउथ यांनीही गंभीर लेखनात हे शब्द आधी आणणे शोभते, एवढेच म्हटले होते. बोलण्यात तशी रचना सर्रास चालते हे त्यांनी मान्य केले होते. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये हाही असाच समज. ‘बिट्वीन’ फक्त दोघांत, हा अर्धवट खरा नियम. तीन देशांतला करार इंग्रजीत ‘बिट्वीन’नेच सांगतात. फ्रेंचसाठी १६३५ साली अकादमी स्थापन झाली, तशी इंग्रजीवर हुकूम चालवणारी संस्था कधीच झाली नाही. त्यामुळे असे दंडक नेमके कोणी, कधी घातले, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे.

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात अव्वल येते आणि मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही मर्चंट नेव्हीच्या किंवा हॉटेलातल्या नोकरीच्या मुलाखतीला बसणारी आमची मुले तोंड उघडायला कचरतात. त्यांना व्याकरण येत नाही असे नाही. कोणती चूक महागात पडते आणि कोणती कोणाच्या लक्षातही येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या सदरातील प्रत्येक उत्तरासोबत ती शंका वरीलपैकी कोणत्या प्रकारची आहे याचा उल्लेख असावा, चूक मराठीच्या ओढीने होत असेल तर मूळ मराठी वाक्यही छापावे, आणि एकेका आठवड्यात पाच-सहा शंका उरकण्याऐवजी एकच घेऊन तिला अर्धा स्तंभ द्यावा. सुरुवात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’पासून केली तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग