चावडीसाठी वर्गणी पाहिजे, आणि घरातले जुने कागद पण

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर पुणेकर मंडळी, गलाईच्या (सोनं-चांदी आटवायच्या) धंद्यानिमित्त केरळ तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेले आपले भाऊबंद, फौजेतले आजी-माजी जवान आणि यावेळी खास करून आपल्या माहेरवाशिणी, सगळ्यांना नमस्कार. मेसेज लांब आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, नुसता अंगठा टाकून पुढं जाऊ नका.

आपल्या चावडीच्या भिंतीत, आत गेल्यावर उजव्या हाताला, एक संगमरवरी पाटी आहे. निम्म्या गावाला हे माहितच नव्हतं, कारण दर दोन-चार वर्षांनी रंगकाम निघालं की तिच्यावरनं पण ब्रश फिरायचा. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी सहज नखाने खरवडून बघितलं तर खाली अक्षरं, मग दोन दिवस बसून हळूहळू सगळा रंग काढला. पाटीवर एवढंच आहे की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ४१ माणसं गेली आणि त्यातली ६ माघारी आली नाहीत. बास. नाव एक पण नाही. इंग्रज सरकारने लढाईनंतर अशा पाट्या गावोगावी बसवल्या, आपल्या सातारा जिल्ह्यात तर बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि असाच नुसता आकडा कोरून मोकळे झाले.

मग आपल्यातल्याच एका कॉलेजच्या पोराने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधायला घेतलं. तिथं शिपायाचं नाव, पलटण, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव पण असतं, फक्त स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं, त्यामुळं आपलं गाव तिथं तीन प्रकारे लिहिलंय. चार रात्री जागून त्याला तीन नावं मिळाली, तिघंही मेसोपोटेमियात गेलेले, म्हणजे आत्ताचा इराक, आपले म्हातारे ज्याला बसऱ्याची लढाई म्हणायचे ती. मराठा पलटणी तिकडं होत्याच, १९१५-१६ मधे तुर्कांनी तिथल्या कुत गावाला घातलेल्या वेढ्यात पण होत्या. आणि बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे त्याच्यावर सुद्धा गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी ऑफिसरांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली आकडा टाकलाय. तिकडं पण आकडा, इकडं पण आकडा.

तीन नावं अजून राहिलीत, आणि जी ३५ जण परत आले त्यांची तर सगळीच. ती सरकारकडं नाही, आपल्याच घरात आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघरातल्या डब्यात, पेन्शनच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर. त्या लढाईच्या चांदीच्या मेडलच्या कडेला शिपायाचं नाव आणि नंबर बारीक कोरलेला असतो, भिंग घेऊन बघा. (कितीतरी घरातली मेडलं चांदी म्हणून मोडली गेली आणि ती आटवली कुणी असतील तर आपल्याच गलाईवाल्यांच्या आज्या-पणज्यांनी, पण असो.)

आता मूळ मुद्दा. ही पाटी ज्या भिंतीत आहे ती भिंत पुढचा पावसाळा काढेल याची खात्री गवंडी देत नाही. चावडीची मधली तुळई वाळवीने आतून पोकळ केलीय, वरून बघितलं तर ठणठणीत दिसते, ठोकली की ढब्ब वाजते. वासे निम्मे बदलावे लागतील, कौलं माकडांनी फोडलीत, आणि मागच्या भिंतीत पाणी मुरून मुरून दगडामधली माती निघायला लागलीय. तलाठी ऑफिस नवीन इमारतीत गेल्यापासून तिथं नुसते पत्त्यांचे डाव, मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं सामान.

पाडून टाका, खाली सहा गाळे काढा, वर हॉल, असं म्हणणारे गावात आहेत, त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, ग्रामपंचायतीला उत्पन्न पाहिजेच. पण गाळे स्टँडजवळच्या जागेत पण होतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन तास भांडणं झाली, एकदा तर माईक ओढाओढी पण झाली, आणि शेवटी ठराव झाला की चावडी पाडायची नाही, दुरुस्त करायची आणि तिथं गावाचं दप्तर करायचं. म्हणजे जुने कागद, फोटो, वस्तू आणि म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंग, सगळं एका जागी. ठराव झाला, पैसे मात्र आपले आपण उभे करायचेत.

काही पोरं विचारतात, चावडीत असं काय आहे? बाबांनो, तुमच्या आजीला विचारा. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या आणि तलावाच्या कामावर गावातल्या झाडून सगळ्या बाया जात होत्या, त्यांचा पगार चावडीसमोर वाटला जायचा आणि मस्टरवर अंगठे तिथंच उठायचे. सुकडी, मिलो हे त्या दुष्काळातल्या खाण्याचे आणि धान्याचे शब्द अजून त्यांच्या तोंडात आहेत. तो पाझर तलाव, ज्याच्या जिवावर आज खालच्या मळ्यात ऊस दिसतो, त्या बायांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलाय आणि त्याच्यावर कोनशिला कुणाची, तर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची. पुढं १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि लालबाग परळच्या खोल्या सोडून माणसं गावाला परत आली, ती रोज संध्याकाळी या चावडीच्या कट्ट्यावर बसायची, एसटीने पेपर आला की एकजण मोठ्यांदा वाचायचा, संप मिटला का ऐकायला. तो मिटल्याचं अधिकृत असं कुणी कधी सांगितलंच नाही. त्यातले आता गावात चौघे उरलेत. एकाला नीट ऐकू येत नाही, एक आजारी आहे. म्हणून घाई.

आणखी एक सांगतो, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या आपल्या सरकारच्या) काळात, म्हणजे १९४३ ते ४६ च्या दरम्यान, भूमिगत कार्यकर्ते आपल्या शिवारात मुक्कामाला असायचे असं सगळेच सांगतात. पण कुणाच्या मळ्यात? तीन घरं तीन जागा सांगतात, तिघांच्यात त्यावरून अजून रुसवे आहेत. तिघांचंही रेकॉर्ड करू, जसं सांगतील तसं, खरंखोटं नंतर बघू.

कागदांबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतंय. १९५० च्या आसपासपर्यंत आपल्याकडचं बरंचसं लिखाण मोडी लिपीत होतं, आपल्याला ते वाचता येत नाही म्हणून आपण त्याला रद्दी समजतो. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा अचानक सगळ्यांना मोडी आठवली, कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) म्हणजे काय हे शेंबड्या पोराला पण कळलं, आणि ज्यांनी दोन वर्षं आधी आजोबांचे कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) बंबात घातले ते कपाळाला हात लावून बसले. तर आता तरी जाळू नका. खरेदीखत, कर्जरोखा, सारा भरल्याची पावती, पाटीलकीचा कागद, जुनी पत्रिका, मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरचं कुपन ज्याच्यावर दोन ओळी लिहिलेल्या असतात, काहीही चालेल. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, हे ठळक अक्षरात वाचा, फोटो काढून तिथल्या तिथं परत देणार. आणि हात जोडून विनंती, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, दोन्हीने जुना कागद कायमचा जातो. फाटलेला असेल तर तसाच आणा, पण वर्तमानपत्राच्या घडीत नको, साध्या सुती कापडात गुंडाळून आणा. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी महिन्यातून दोनदा यायला तयार झालेत, त्यांचा फक्त गाडीखर्च द्यायचाय, मानधन घेणार नाही म्हणतात पण आपण द्यायचं.

हेळवी आठवतात का? बैलावर बसून यायचे, दारात उभं राहून सात पिढ्या म्हणून दाखवायचे, धान्य कपडे घेऊन जायचे. त्यांच्या वहीत आपली वंशावळ आहे. पण त्यात सुद्धा बाप, आजा, पणजा. आई आजी कुठंय? गेल्या महिन्यात सहज म्हणून पोरांना पणजीचं नाव विचारलं, वर्गातल्या २८ पैकी ५ जणांना सांगता आलं. म्हणून बायकांचं वेगळं काम काढलंय. जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात अशा आपल्याकडं अजून नऊ-दहा जणी आहेत. महाराष्ट्रभर फिरून लोकांनी अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पण आपल्या गावच्या ओवीत आपला ओढा, आपली भैरोबाची टेकडी, आपल्या वाटेवरचा पिंपळ येतो, त्या ओव्या कुणी बाहेरचं येऊन कशाला लिहून घेईल. नुसतं म्हणा म्हटलं तर त्यांना आठवत नाही, हा अनुभव आलाय. जातं समोर ठेवलं, खुंट्याला हात लागला, की सुरू. तर ज्यांच्याकडं टाकी लावलेलं, चालू जातं आहे त्यांनी चावडीला द्यावं. अंगणात पायरी म्हणून पुरलेलं असेल तर ते पण चालेल, उकरायला पोरं पाठवतो.

एका गोष्टीवर कमिटीत बराच खल झाला आणि ती इथं लिहायची का नाही यावर पण झाला. खालच्या आळीत आम्ही माहिती मागायला गेलो तेव्हा एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "चावडी चावडी करताय, आमच्या बापाला तुमच्या चावडीच्या पायरीवर तरी चढू दिलं होतं का?" उत्तर नव्हतं. शिवेचा तंटा झाला की साक्ष महारांची, साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवायला सोबत महार, वेशीवर रात्रभर जागा वेसकर, आणि बसायची जागा बाहेर उन्हात. हे महार वतन, म्हणजे पिढीजात गावकीचं काम, कायद्याने १९५८ नंतर गेलं, बाबासाहेबांनी त्याच्या विरोधात १९२८ मधेच बिल मांडलं होतं. हे सगळं दप्तरात येणार, त्यांच्याच तोंडून येणार, आणि त्यातलं काही आम्ही गाळणार नाही असं कबूल केल्यावर ते आजोबा आता कमिटीत आहेत. ज्यांना हे आवडणार नाही त्यांनी वर्गणी देऊ नये, चालेल. बाकी सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, मुलाणी, रामोशी, मातंग, धनगर सगळ्यांच्या घरी जाऊन झालंय किंवा जाणार आहोत. कुंभाराच्या घरात बलुत्याचा हिशोब कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ठेवलेला सापडला, त्याचा फोटो घेतलाय, घर आता पाडलं.

पैशाचं. सुतार आणि गवंडी दोघांनी मिळून अंदाज दिलाय ३ लाख ४० हजार. त्यात तुळई सागाचीच, लोखंडी चॅनल टाकला तर ५० हजार वाचतात पण मग ती चावडी राहत नाही असं आमचं मत, तुमचं वेगळं असेल तर मीटिंगला या आणि बोला, ग्रुपवर भांडू नका. कपाटं, स्कॅनर आणि एक बरा माईक यासाठी ६० हजार धरलेत. म्हणजे एकूण ४ लाख. आतापर्यंत जमा ७२ हजार, त्यातले ११ हजार गावातल्या बचत गटाच्या बायांनी सगळ्यात आधी दिले, पुढाऱ्यांच्या आधी.

घरटी हजार रुपये ठरलेत, ज्याची ऐपत नाही त्याने दोन दिवस श्रमदान करावं, कौलं उतरवायला आणि दगड साफ करायला माणसं लागणारच आहेत. नोकरी-धंद्यावाल्यांनी आपल्या मनाने वाढवावं. गेल्या यात्रेत एका रात्रीच्या ऑर्केस्ट्राला आपण किती दिले ते सगळ्यांना माहित आहे, आकडा इथं लिहीत नाही. माहेरवाशिणींची वर्गणी घ्यायची नाही अशी आपल्याकडं पद्धत, पण बऱ्याच जणींनी स्वतः फोन करून विचारलं की आमचं गाव नाही का ते, तेव्हा यावेळी घेणार, आणि पावती त्यांच्या माहेरच्या नावाने फाडणार. पाच हजारच्या वर देणाऱ्याचं नाव भिंतीवर टाका अशी सूचना आलीय, ती मान्य नाही झाली. भिंतीवर नवीन पाटी एकच लागणार, त्या ४१ जणांची, जेवढी नावं मिळतील तेवढी.

खाते नंबर आणि क्यूआर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधे आहे, कमिटीच्या खात्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या पर्सनल नंबरवर पैसे टाकू नका, अगदी मी मागितले तरी. ट्रान्सफर केल्यावर स्क्रीनशॉट आणि पूर्ण नाव टाका, "बंटी भाऊ ५००" वरून पावती फाडता येत नाही. इन्कम टॅक्सची सूट मिळणार नाही, ते सर्टिफिकेट आपल्याकडं नाही, आधीच सांगितलेलं बरं. हिशोब दर रविवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल आणि त्याचा फोटो ग्रुपवर.

मृगाच्या आत कौलं चढली पाहिजेत, त्यामुळं चैत्रातल्या यात्रेच्या आधी निम्मे पैसे हातात असावे लागतील. यात्रेला सगळे येणारच आहात. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून आम्ही मारुतीच्या देवळात टेबल मांडून बसतोय, स्कॅनर तिथंच असेल, वर्गणी पण तिथंच. येताना ट्रंक उघडून बघा, मेडल असेल तर रुमालात बांधून आणा, घासून चकचकीत करू नका, कडेची अक्षरं जातात. आणि घरात कुणी ऐंशीच्या वरचं असेल तर त्यांना पण घेऊन या, गाडी पाठवायची असेल तर आदल्या दिवशी सांगा.

आपले,
चावडी दुरुस्ती व दप्तर कमिटी