मुदत संपलेले पॅड आणि टॅम्पॉन: काय वापरायचं, काय टाकायचं

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

कपाटात मागे राहिलेल्या पॅडच्या पुड्यावरची तारीख उलटून गेली आहे आणि टॅम्पॉनच्या खोक्यावर तर तारीखच सापडत नाही. हे वापरले तर चालतील का, असं तू विचारलंस. नुसतं हो किंवा नाही म्हटलं तर पुढच्या पुड्याच्या वेळी तू पुन्हा अडशील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं समजून घे. पॅड आणि टॅम्पॉनना बनवल्यापासून साधारण ३ ते ५ वर्षांची मुदत असते. बंद पुडा कोरड्या, फार गरम नसलेल्या जागी राहिला तर तोवर माल नीट शोषेल आणि नीट चिकटेल, एवढंच ती तारीख सांगते. मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी पॅडचं विष होत नाही. आणि मुदत बाकी आहे म्हणून पॅड चांगलाच असेल, असंही नाही. न्हाणीघरातल्या वाफेत सहा महिने उघडा पडलेला नवा पुडा हा कोरड्या कपाटात बंद राहिलेल्या, मुदत नुकतीच उलटलेल्या पुड्यापेक्षा वाईट. म्हणून तारखेबरोबर दोन गोष्टी बघायच्या: तो कुठे, कसा ठेवला होता आणि तो पॅडसारखा शरीराच्या बाहेर वापरायचा आहे की टॅम्पॉनसारखा योनिमार्गाच्या आत.

पॅड बाहेर राहतो, त्यामुळे तिथे थोडी सवलत आहे. त्याचा वरचा थर न विणलेल्या मऊ कापडासारखा असतो, मधे लगदा आणि ओल धरून ठेवणारी पावडर, खाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि त्याला गोंद. जुना होताना सर्वांत आधी गोंद जातो. तो कडक होऊन धरत नाही, किंवा पाघळून कागदालाच चिकटून बसतो. मग पॅड सरकतो, दुमडतो आणि कडेने डाग पडतो. मधली पावडर हवेतली ओल पिते. पुडा दमट जागी असेल तर वापरण्याआधीच ती थोडी फुगलेली असते, बोटांना गुठळ्या लागतात, आणि रक्त शोषायची तिची ताकद तेवढी कमी झालेली असते. बुरशी येते ती लगद्यावर आणि कापूस असेल तर त्यावर. काळे, हिरवट, पिवळट ठिपके किंवा बंद पेटीसारखा कुबट वास आला, तर पुढचं काही तपासत बसू नकोस. त्या पुड्यातला एक पॅड असा निघाला की पूर्ण पुडा टाकायचा, कारण बुरशी सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही.

तुझ्या पुड्यातला एक पॅड चाचणीसाठी खर्च कर. आधी वेष्टन बघ: चिकटवलेली कड सुटलेली, फाटलेली किंवा आतून ओलसर नको. मग पॅड जुन्या निकरवर चिकटवून थोडा ओढ. तो सहज सुटून आला तर गोंद गेला. नंतर पॅडच्या मधोमध दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे १० मिली, पाणी हळूहळू ओत. ते काही सेकंदांत आत जायला हवं. मिनिटभराने वरून कोरडा टिश्यू दाबून बघ, आणि खालची बाजूही. वर पाणी तसंच थांबलं, कडेला पळालं किंवा खालून पाझरलं, तर तो पुडा कामाचा नाही. सगळं ठीक निघालं, वेष्टनं शाबूत असली आणि मुदत थोड्याच महिन्यांपूर्वी संपली असेल, तर अडीनडीला ते पॅड वापर, पण दर ४ तासांनी बदल आणि रक्तस्राव जास्त असतो त्या दिवसांसाठी नवे ठेव. वर्षाहून जास्त जुन्या मालावर मी हा वेळ घालवणार नाही. सुगंधी पॅडचा सुगंध कुबट वास झाकतो, त्यामुळे ते मुदत उलटली की सरळ टाक. तसेही ते नाजूक कातडीला चांगले नाहीत.

टॅम्पॉनच्या बाबतीत मात्र मुदत संपली की संपली. कापूस आणि रेयॉन ओल चटकन धरतात, टॅम्पॉन घट्ट दाबलेला असतो, त्यामुळे आतली बुरशी बाहेरून कळत नाही आणि तो थेट योनिमार्गात जातो. नवा टॅम्पॉनसुद्धा निर्जंतुक केलेला नसतो, फक्त स्वच्छ असतो. वेष्टन फाटलं की ती स्वच्छताही गेली. पर्समध्ये महिनोन्‌महिने किल्ल्यांबरोबर घासत राहिलेला टॅम्पॉन त्यामुळे मुदतीत असला तरी वापरू नकोस. दोरी ओढल्यावर हलली, पुठ्ठ्याची नळी फुगून अडकली, धागे सुटलेले दिसले, तरी तो बाद. तुझ्या खोक्यावर तारीख नाही म्हणतेस, तर आधी तळ आणि कडा उजेडात बघ, छपाई फिकट असते. सुट्या वेष्टनांवर तारीख बहुधा नसते. तरीही सापडली नाही आणि खोकं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर टाकून दे.

टॉक्सिक शॉक सिंड्रोमची भीती जुन्या टॅम्पॉनशी जोडली जाते, ते तू वेगळं ठेव. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूच्या विषामुळे हा आजार होतो. १९८० मध्ये अमेरिकेत त्याची मोठी साथ दिसली, ती फार शोषून घेणाऱ्या टॅम्पॉनशी जोडलेली होती. तो अगदी नव्या, मुदतीतल्या टॅम्पॉननेही होऊ शकतो. म्हणून भागेल एवढ्याच कमी शोषणशक्तीचा घ्यायचा, ४ ते ८ तासांत बदलायचा आणि ८ तासांपुढे कधीच ठेवायचा नाही. टॅम्पॉन आत असताना अचानक १०२ अंश फॅरनहाइट किंवा वर ताप, उलट्या, जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखी लाल कातडी असं काही झालं, तर तो लगेच काढायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना टॅम्पॉन वापरत होतीस हे आपणहून सांग.

पाळीत आत घालायच्या सिलिकॉनच्या कपावर बहुधा तारीख नसते. नीट ठेवला तर तो कित्येक वर्षं टिकतो, त्यामुळे त्याचं वय त्याच्या अंगावर बघायचं: चीर, खडबडीतपणा, धुतल्यावरही राहणारा चिकटपणा, पांढरट भुकटी, उकळूनही न जाणारा वास. यातलं काहीही दिसलं तर बदल. नुसता रंग पिवळसर झाला असेल तर घाबरायचं कारण नाही. कडेखालची बारीक भोकं मोकळी ठेव आणि कप हवाबंद डबीत नको, सुती पिशवीत ठेव. कापडी पॅडमधला जलरोधक थर सुटून बुडबुडे आले की पॅड झिरपतो. कापड मऊ करणारं द्रावण वापरलं तरी शोषण कमी होतं.

जुन्या मालाने त्रास झाला तर तो बहुधा खाज, लाली, पुरळ, दह्यासारखा पांढरा स्राव किंवा दुर्गंधी अशा रूपात दिसेल. वापर थांबव, साध्या पाण्याने धू, आतून धुवायचं नाही. दोन दिवसांत उतार नाही, किंवा ओटीपोटात दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखव.

यापुढे पुडा आणलास की त्यावरची तारीख मार्करने मोठी लिही आणि नवा पुडा मागे, जुना पुढे ठेव. दिसायला छान म्हणून पॅड बरणीत काढून ठेवणार असशील, तर तारखेचा तुकडा कापून बरणीत टाक. ऐनवेळी जवळ फक्त जुना टॅम्पॉन असेल, तर धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडाची घडी त्यापेक्षा केव्हाही बरी.

टाकायचे ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाक, संडासात नाही. आणि मुदत गेलेला साठा गरजू कुणाला देऊन टाकू नकोस. आपण वापरणार नाही, ते दुसऱ्या मुलीलाही द्यायचं नाही.

तुझी,
आई