कोणते शाहू, कोणते राजाराम?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये राजर्षी शाहू जयंतीनिमित्त आमच्या भागातील एका शाळेने निबंध स्पर्धा घेतली आणि परीक्षणासाठी वह्या माझ्याकडे पाठवल्या. सहावीतल्या एका मुलाने टपोऱ्या अक्षरांत, एकही खाडाखोड न करता लिहिले होते : ‘शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत लहानाचे मोठे झाले. सुटून आल्यावर त्यांनी बाजीरावांना पेशवेपद दिले. त्यांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले आणि मागासलेल्या लोकांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या.’ यातले एकही विधान खोटे नाही. फक्त पहिली दोन साताऱ्याच्या थोरल्या शाहूंविषयी आहेत आणि उरलेली दोन आपल्या करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, राजर्षींविषयी. थोरले शाहू १७४९ मध्ये वारले आणि त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १८७४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. १८८४ मध्ये दत्तक होऊन ते करवीरच्या गादीचे शाहू महाराज झाले. असा घोटाळा केलेले आणखी पाच-सहा निबंध त्या गठ्ठ्यात निघाले.

मी त्या मुलाच्या वर्गशिक्षिकेला विचारले, तेव्हा तिने त्याची चिकटवही आणून दाखवली. पोराने खरोखर मेहनत घेतली होती. वर्तमानपत्रांतली दोन कात्रणे त्याने शेजारी शेजारी डकवली होती, दोन्हींचा मथळा ‘छत्रपती शाहू महाराज’ असाच होता आणि दोन्ही मजकुरांत शेवटपर्यंत ‘शाहू महाराज’ याखेरीज कोणतीही ओळख नव्हती. हे पाहिल्यावर मुलाचे गुण कापायला माझा हात धजावला नाही. हे पत्र मी आपल्याला लिहितो आहे ते त्याच कारणाने.

एकाच नावाच्या दोन थोर व्यक्ती असणे ही गोष्ट सगळ्याच समाजांत घडते, पण आपल्याकडे, आणि त्यातही कोल्हापुरात, ती जरा जास्तच घडते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे ही घरोघरची रीत, आणि राजघराण्यात त्यात दत्तकाची भर. दत्तक आलेल्या मुलाचे जन्मनाव बाजूला पडे आणि त्याला घराण्यातले मानाचे नाव मिळे. त्यामुळे करवीरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू, शहाजी ही चार-पाच नावेच आलटून पालटून येत राहिली. गंमत म्हणजे ज्या थोरल्या शाहूंमुळे हे नाव रूढ झाले, त्यांचे स्वतःचे जन्मनाव शिवाजी होते.

या सगळ्यात सर्वांत जास्त घोळ होतो तो राजाराम या नावाचा. कोल्हापूरकराचा दिवस हे नाव घेतल्याशिवाय मावळत नाही. राजारामपुरीत खरेदी, राजाराम तलावाकडे फेरफटका, आणि पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?’ एकोणचाळीस फुटांना इशारा आणि त्रेचाळीसला धोका हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण राजाराम कोण, असे विचारले तर मोठी माणसेही ‘शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. ते राजाराम, म्हणजे ताराराणींचे पती, १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यांच्याशिवाय करवीरचे दोन राजाराम आहेत. एक १८७० मध्ये विलायतेचा प्रवास करून परत येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी, अवघ्या विसाव्या वर्षी वारले. दुसरे राजर्षींचे पुत्र. त्यांचा जन्म १८९७ चा आणि निधन १९४० चे. राजाराम कॉलेज १८८० सालचे आहे, म्हणजे ते राजर्षींच्या पुत्राच्या नावाचे असूच शकत नाही, कारण तेव्हा ते जन्मलेलेच नव्हते. ते नाव फ्लॉरेन्सला वारलेल्या राजारामांचे आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाला मात्र राजर्षींच्या पुत्राचे नाव आहे आणि ते यथायोग्य आहे, कारण १९३९ मध्ये ही विमानसेवा त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली.

करवीरच्या या दोन्ही राजारामांचे निधन नोव्हेंबरातले, एकाचे ३० तारखेचे आणि दुसऱ्याचे २६ तारखेचे, त्यामुळे पुण्यतिथीच्या बातम्यांत हमखास गल्लत होते. गेल्या नोव्हेंबरात आपल्याच अंकात फ्लॉरेन्सच्या राजारामांविषयीच्या मजकुराशेजारी राजर्षींच्या पुत्राचे छायाचित्र छापले गेले होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येईल म्हणून मी पान दोन शोधले, पण ती आली नाही. एक-दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या कंपनीच्या कामासाठी इटलीला गेला होता. फ्लॉरेन्सच्या कासिने उद्यानात आर्नो नदीच्या काठी, जिथे त्या तरुण राजाला अग्नी दिला गेला, तिथे १८७४ मध्ये उभारलेली छत्री आणि तिच्याखालचा अर्धपुतळा त्याने पाहिला आणि मोठ्या अभिमानाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिले होते, ‘ताराराणींचे पती इथे आहेत!’ मी त्याला फोन करून समजावले, तेव्हा तो म्हणाला, “काका, नाव तर तेच आहे.” नाव तेच आहे, हे मला मान्य करावेच लागले.

आता कोणी म्हणेल की, मग पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे लावा म्हणजे झाले. आयुष्यभर ग्रंथालयात काम केल्यामुळे मी सांगू शकतो की आकड्यांनी हा गुंता सुटत नाही, उलट वाढतो. ताराराणींचे पुत्र शिवाजी हे, मूळ शिवछत्रपतींपासून मोजणाऱ्याच्या हिशेबी दुसरे शिवाजी आणि करवीरच्या गादीपासून मोजणाऱ्याच्या हिशेबी पहिले. एकाच कपाटातल्या दोन पुस्तकांत एकाच माणसाला दोन क्रमांक लागलेले आहेत आणि दोन्ही लेखक आपापल्या जागी बरोबर आहेत. १८८३ मध्ये अहमदनगरला ज्यांचा करुण अंत झाला, त्या करवीरच्या शिवाजी महाराजांच्या क्रमांकाचीही तीच गत आहे.

आकड्यांपेक्षा जुन्या मंडळींची पद्धत पुष्कळ शहाणपणाची होती. ते माणसाच्या नावाला एक शब्द जोडीत आणि प्रश्न मिटवीत. पेशव्यांच्या घरात दोन माधवराव झाले, तर एक थोरले आणि दुसरे सवाई. करवीरच्या घरात संभाजी झाले ते आबासाहेब, शहाजी झाले ते बुवासाहेब, शिवाजी झाले ते बाबासाहेब. ही घरातली हाक बखरीपासून दरबारी कागदापर्यंत चाले. ‘थोरला’ हा शब्द तर कोल्हापुरात अजून जिवंत आहे. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, आम्ही आजही थोरला दवाखानाच म्हणतो. हीच युक्ती पुढे सिनेमावाल्यांनीही वापरली. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दोन बाबूराव होते. मूळचे मेस्त्री आडनावाचे बाबूराव पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले आणि पेंटर म्हणूनच राहिले, दुसरे पेंढारकर. केशवरावांची तर रांगच लागली होती : संगीत रंगभूमीचे भोसले, ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी धायबर, तिथेच अभिनय करणारे दाते आणि संगीत देणारे भोळे. तरीही नुसते ‘केशवराव’ म्हणून कोणी कोणाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात घातल्याचे मी ऐकलेले नाही, कारण बोलणारा माणूस आडनाव गाळत नसे.

इथे मला एक गोष्ट थोडी स्पष्ट लिहिली पाहिजे, आणि ती काहींना आवडणार नाही. अलीकडे आपण आदर दाखवण्यासाठी नावे लांब करतो, पण त्या लांबीने ओळख पटत नाही. ‘छत्रपती’ हे पद या सर्वांचेच होते आणि ‘महाराज’ हे संबोधनही सर्वांनाच लागते. तेव्हा ‘छत्रपती शाहू महाराज’ या तीन शब्दांतला एकही शब्द सातारा की करवीर हे सांगत नाही. आपल्या रेल्वे टर्मिनसचे नाव नेमके तेच आहे. बाहेरगावचा उतारू फलाटावर उतरतो तेव्हा हे कोणते शाहू, हे त्याने पाटीवरून ओळखायचे तरी कसे? याउलट ‘राजर्षी’ हा एकच शब्द सारे काम करतो. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाने तो त्यांना अर्पण केला आणि तो दुसऱ्या कोणत्याही शाहूंना लागत नाही. त्यात आदरही आहे आणि ओळखही. असा शब्द हाताशी असताना तो गाळून ‘छत्रपती’ लावण्यात आपण नेमके काय मिळवतो, हे मला कळत नाही. (शाहूपुरीचे तर विचारूच नका. साताऱ्यातही शाहूपुरी आहे. माझ्या मेहुण्यांनी माझ्या मुलीच्या पत्त्यावर धाडलेले औषधांचे पार्सल पिनकोड पुसट झाल्यामुळे साताऱ्याच्या शाहूपुरीत दोन दिवस मुक्काम करून आले.)

नुसत्या नावाने अर्थ किती उलटापालटा होतो, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत मासलेवाईक वाक्य म्हणजे ‘१७३१ मध्ये शाहू व संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला’. हे वाक्य कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत असेच छापलेले असते. शाहूंच्या वडिलांचे नाव संभाजी, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तो बिचारा बाप-लेकांत तह झाला असे समजतो. आणि ते संभाजी १६८९ मध्येच औरंगजेबाकडून मारले गेले, हे ज्याला ठाऊक आहे, तो पुस्तकच चुकीचे ठरवतो. म्हणजे ज्याचा अभ्यास जास्त, तोच जास्त फसतो. तह झाला तो शाहूंचे चुलतभाऊ, करवीरचे संभाजी यांच्याशी. ‘करवीरचे’ एवढा एक शब्द घातला असता तर पोरांचे डोके शाबूत राहिले असते.

दुसऱ्यांच्या चुका सांगतो आहे, तर माझीही सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक विद्यार्थिनी ग्रंथालयात आली आणि म्हणाली, “सर, ताराबाईंचे चरित्र हवे आहे.” कोल्हापुरात ताराबाई म्हटल्यावर मी दुसरा विचारही केला नाही. घोड्यावर बसलेल्या, हाती तलवार घेतलेल्या महाराणीचे मुखपृष्ठ असलेला जाडजूड ग्रंथ तिच्यापुढे ठेवला. ती मुलगी शिक्षणशास्त्राची. तिला बालवाडीवर टिपण लिहायचे होते आणि हव्या होत्या त्या ताराबाई मोडक, ज्यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि पुढे बोर्डी व कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. पोरीने मुखपृष्ठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि संकोचाने ग्रंथ घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी न वाचताच परत आणला, तेव्हा मला उलगडा झाला. त्या दिवसापासून मी ‘कोणत्या ताराबाई?’ हे विचारायला शिकलो. तिसऱ्याही आहेतच : १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे.

हा प्रश्न केवळ शाळेच्या निबंधापुरता नाही. संत नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या आणि कोणता अभंग कोणाचा हे निवडताना अभ्यासकांना पिढ्यान् पिढ्या कष्ट पडले, त्याचे मूळ ‘नामा’ या एका नाममुद्रेत आहे. तिथे निदान लिहून घेणाऱ्यांजवळ साधने अपुरी होती. आज आपल्याजवळ तशी सबब नाही.

मथळ्यात जागा नसते, ही आपल्या उपसंपादकांची अडचण मी समजू शकतो. तेव्हा मथळ्यात नुसते ‘शाहू’ असले तरी माझी तक्रार नाही. मात्र मजकुराच्या पहिल्या वाक्यात, व्यक्तीचा पहिला उल्लेख येईल तिथे, ओळखीचा एक शब्द आणि कंसात जन्म-मृत्यूची साले द्यावीत, एवढीच विनंती आहे. ग्रंथालयाच्या सूचीत समान नावाच्या लेखकांसाठी आम्ही हेच करीत आलो. छायाचित्राच्या ओळीत तर साले अवश्य असावीत, कारण कात्रणे कापणारी मुले मजकूर सोडतात आणि चित्र तेवढे घेतात.

सोयीसाठी मी करवीरच्या गादीवरील सर्व व्यक्तींचा दोन पानी तक्ता तयार केला आहे : नाव, घरातली हाक, जन्मनाव, कारकीर्द, आणि शहरात त्यांच्या नावाने काय आहे. तो पुढच्या सोमवारी आपल्या कार्यालयात आणून देतो. शेवटच्या रकान्यातल्या दोन चौकांच्या जागा मात्र मी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या चौकांना नावे नेमक्या कोणाची दिली, हे महानगरपालिकेच्या जुन्या ठरावांत पाहून भरावे लागेल, आणि ते काम आपला वार्ताहर माझ्यापेक्षा लवकर करू शकेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मंगळवार पेठ, कोल्हापूर